डगमगलं तर कळवणे

मिस्त्री सहसा कुणाला उलट उत्तर देत नसत. लोकांना वाटायचं, माणूस मोठा शांत. खरं कारण करवत होती. चाळीस वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान कामातून गेला होता, आणि घरात नको तो विषय निघाला की ते बोलणाऱ्याकडे नेमका तोच कान करून बसायचे. उजवा कान लाकडासाठी आणि 'पान वाढलंय' हे ऐकण्यासाठी राखून ठेवलेला.

त्या रविवारी सकाळी मुलानं विषय काढला तेव्हाही डावाच कान पुढे होता.

"बाबा, गाळ्याचा करार वर्षाअखेर संपतोय. यंदा पुन्हा करायला नको असं वाटतं मला. महिना महिना कोणी फिरकत नाही तिकडे. लोक तयार फर्निचर घेतात, मोडलं की टाकतात. मशीन विकून टाकू, हत्यारं कुणाला तरी देऊ. तुम्ही आता आराम करा."

'आराम करा' हे दोन शब्द मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आले.

"आराम करून काय करू?" त्यांनी विचारलं.

मुलगा शीतगृहाच्या कचेरीत कामाला होता, तिथे त्याला कोणी असले प्रश्न विचारत नसत. त्यानं पेपर उघडला.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात बाई म्हणून ती एकटीच. त्यामुळे सासऱ्याचा मूड ओळखणं, नवऱ्याला वेळेवर गप्प करणं आणि दुधावर लक्ष ठेवणं ही तिन्ही कामं ती एकाच वेळी करायची. मिस्त्री गाळ्यात जात नाहीत म्हणजे काय होतं, हे तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यांचं मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका हातानं घरातले सगळे स्क्रू आवळले, न हलणाऱ्या दारांचेसुद्धा. दुसऱ्या आठवड्यापासून ते गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसायला लागले, कोणीतरी न्यायला येणार असलेल्या सामानासारखे.

"वर्षाअखेरपर्यंत मला द्या," ती दारातूनच म्हणाली. "मी विकून दाखवते."

"काय विकून दाखवतेस?" नवऱ्यानं पेपरामागून विचारलं.

तेच तिलाही ठाऊक नव्हतं. बोलून गेली खरी. मग बोललेलं निस्तरायला दुसऱ्या दिवशी ती गाळ्यात गेली आणि काय विकता येईल ते बघत फिरली. पलंग मोठा, कपाट त्याहून मोठं, टेबल पाठवायचं म्हणजे टेम्पो हवा. शेवटी तिचं लक्ष गेलं मिस्त्री चहा पिताना बसायचे त्या स्टुलाकडे. उरलेल्या लाकडातून केलेलं, गोल बैठकीचं, चार पायांचं. एकही खिळा नाही. पायाचं टोक बैठकीच्या भोकात बसवायचं आणि वरून लाकडाची पाचर ठोकायची, की पाय जन्माचा तिथलाच. एका हातात उचलता येत होतं आणि खोक्यात मावत होतं.

"बाबा, असली किती करू शकाल?"

"किती म्हणजे? जेवढी माणसं बसतील तेवढी."

तिनं मोबाइलवरच्या बाजारात दुकान काढलं. बाजार म्हणजे तोच, ज्याच्यावरून लोक चपलांपासून चादरीपर्यंत सगळं घरबसल्या मागवतात. दुकान तिच्या नावावर, कारण मिस्त्रींकडे ईमेल नव्हता आणि नवऱ्याकडे विश्वास नव्हता. नाव, पत्ता, फोटो, ओळखपत्र, बँक सगळं भरून झाल्यावर शेवटी बेचाळीस पानांचे नियम आले आणि खाली एक चौकोन: 'वरील सर्व अटी मान्य आहेत.' माणसाला शिंकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिनं ती बेचाळीस पानं वाचली आणि चौकोनात खूण केली. तुम्ही-आम्हीही तेच करतो, म्हणून त्यावर हसण्याचं कारण नाही.

फोटोसाठी पांढरी चादर भिंतीवर टांगली. मधली खोली हेच गोदाम झालं. खोकी, पुठ्ठे, चिकटपट्टीची रिळं. आणि बसायला रंगाचा रिकामा डबा उलटा घातलेला. त्याच्यावर बसून ती बांधाबांध करायची. डब्याची कड मांडीला रुतायची, पण उठून दुसरं काही आणायला तिला कधी सुचलं नाही.

पहिली ऑर्डर अकराव्या दिवशी आली आणि तेराव्या दिवशी पहिलं भांडण. मिस्त्रींनी स्टूल केलं ते फोटोतल्यापेक्षा बोटभर बुटकं.

"फळी तेवढीच होती," मिस्त्री म्हणाले.

"अहो बाबा, आपण अठरा इंच लिहिलंय. माणूस टेप लावून मोजतो."

"बसायच्या आधी मोजतो?"

"बसायच्या आधी मोजतो, फोटो काढतो आणि आपल्याला एक तारा देतो."

एक तारा म्हणजे काय ते तिनं समजावून सांगितलं. मिस्त्रींना ते शाळेतल्या शेऱ्यासारखं वाटलं आणि शाळेशी त्यांचं कधीच फारसं पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पातळ फळीचा मापाचा फर्मा कापला, त्यावर १८ लिहिलं आणि त्यानंतर एकही पाय त्या फर्म्याबाहेर गेला नाही. या माणसाचं हे असं होतं. पटेपर्यंत हलायचा नाही, आणि एकदा पटलं की मग कोणाला हलवता यायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात रोज एकदोन स्टुलं जायला लागली. कुरिअरवाला ओळखीचा झाला. नवरा ऑफिसातून आल्यावर खोकी ओलांडत आत यायचा आणि न बोलता हात धुवायचा, ही त्याची माघार होती.

सूनबाई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. एवढा पसारा संध्याकाळच्या दोन तासांत आवरेना, तेव्हा तिनं घरात सांगितलं की सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. हे खोटं होतं. डॉक्टरीणबाईंनी रजेला नाही म्हटलं होतं. रजा नाही तर राजीनामा, असं तिनं तिथल्या तिथे लिहून दिलं आणि चपला घालून बाहेर आली. घरी हे कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं काळजीनं दुकान बंद करायला लावलं असतं, आणि सासऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी फर्मा मोडून टाकला असता.

आता मिस्त्रींच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

कोणतंही काम पुरं झालं की मिस्त्री ती वस्तू उलटी करायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि बुडाला ठसठशीत अक्षरात लिहायचे: 'डगमगलं तर कळवणे.' खाली घरचा फोन नंबर. चाळीस वर्षांत एकही वस्तू या दोन ओळींशिवाय गाळ्याबाहेर पडली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की लाकूड नव्या घरात गेलं की तिथल्या हवेनं फुगतं, आकसतं आणि सहा महिन्यांनी कुठे जागेवर बसतं. तेवढ्यात एखादा पाय सैल पडला तर मिस्त्रीनं जाऊन पाचर ठोकून द्यायची. फुकट. "सहा महिने ते लाकूड माझंच असतं," असं ते म्हणायचे, "त्यांनी फक्त घरी नेलेलं असतं."

सूनबाईनं हे पहिल्या स्टुलापासून पाहिलं होतं. छान वाटलं होतं तिला. बुडाचा फोटो काही दुकानात लावायचा नसतो, त्यामुळे पुढे विचार केला नव्हता.

घात केला तो कौतुकानं. कुठल्याशा एका भल्या बाईनं पाच तारे दिले आणि लिहिलं, 'अप्रतिम काम. कारागिरांनी खाली स्वतःचा नंबर दिला आहे. फोन केला, फार छान बोलले. पुढच्या वस्तू थेट त्यांच्याकडूनच घेणार.' सोबत बुडाचा फोटो, नंबर स्पष्ट दिसेल असा. सूनबाईनं तो शेरा सकाळी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. दुपारी बाजाराचा निरोप आला: ग्राहकांना बाजाराबाहेर थेट संपर्कासाठी बोलावणं हा नियम क्रमांक एकोणतीसचा भंग आहे, सबब आपलं दुकान बंद करण्यात येत आहे. दहा दिवसांत एकदाच फेरविचाराचा अर्ज करता येईल. काय घडलं, का घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय कराल ते लिहावं. वस्तू बनवणारी व्यक्ती वेगळी असल्यास तिचीही सही जोडावी.

मधल्या खोलीत त्या वेळी चौतीस स्टुलं बांधून तयार होती.

"मी म्हणालोच होतो," नवरा म्हणाला. तो असं काहीच म्हणाला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला मागचं कुठे आठवत असतं.

सूनबाईनं अर्ज लिहिला. चांगला लिहिला, दवाखान्यात रोज लोकांचे दात सोडून बाकी सगळं तिनंच सांभाळलं होतं. चूक अनवधानानं झाली, नंबर यापुढे लिहिला जाणार नाही, आधी गेलेल्या स्टुलांवरचा नंबर बघून कुणी संपर्क केला तरी बाजाराबाहेर त्यांच्याशी कोणताही व्यवहार केला जाणार नाही. खाली दोन सह्यांसाठी जागा सोडली, एक तिची, एक मिस्त्रींची.

मिस्त्रींनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"आणि पाय सैल झाला तर?"

"ते परत पाठवतील. आपण दुसरं द्यायचं."

"सैल झाला म्हणून परत? पाचर मारायची सोडून?" त्यांना खरंच कळेना. "सर्दी झाली म्हणून माणूस बदलतात का?"

"बाबा, ही नुसती सही आहे. सगळेच करतात. कोण बघायला येतंय?"

"कोणी बघणार नसेल तर मागतात कशाला?" असं म्हणून त्यांनी कागद घडी घालून तिला परत दिला. "मी असं कबूल करू शकत नाही. केलं तर पाळावं लागेल."

आणि ते गाळ्यात निघून गेले.

चार दिवस तोच कागद टेबलावर होता. मुलगा समजावून दमला. मिस्त्रींनी डावा कान पुढे केला. सूनबाईनं गोड बोलून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला. अबोल्याचा तर उपयोगच नव्हता, कारण मिस्त्रींना तो कळायलाच दीड दिवस लागला. ते गाळ्यात जाऊन आधीच गुळगुळीत असलेल्या फळीला रंधा मारत बसत. सूनबाई भ्यायली होती. दुकान गेलं तर गाळा गेला, हे सगळ्यांनाच दिसत होतं. आपली खुर्चीही गेली आहे, हे फक्त तिला माहीत होतं. काउंटरवर नवी मुलगी बसते, हे तिनं रस्त्यावरून जाताना काचेतून पाहिलं होतं. तिचाच स्वेटर घातल्यासारखी ती मुलगी तिच्याच खुर्चीत बसली होती.

पाचव्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधीच मिस्त्री स्वयंपाकघरात आले.

"कागद दे."

तिनं धावत जाऊन आणला. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून सही केली.

"बाबा, पेननं लागते."

त्यांनी पेननं पुन्हा केली. काय झालं, मन कसं बदललं, हे तिनं विचारलं नाही. देणाऱ्याचा हात उघडा असेपर्यंत घ्यावं, एवढं तिला कळत होतं.

त्या दिवशी त्यांनी चौतीस खोकी उघडली, चौतीस स्टुलं उलटी केली आणि सँडपेपर घेऊन स्वतःचं अक्षर घासून काढलं. ती मदतीला बसली. तिला ते वाईट काम वाटत होतं, एखाद्याच्या दारावरची पाटी उतरवल्यासारखं. मिस्त्री संध्याकाळी म्हणाले, "प्रत्येक खोक्यात एक पाचर टाकू. आणि ती कशी ठोकायची ते चिठ्ठीवर लिहून दे. एवढं तरी चालतं का बघ."

ते बघायला तिनं बेचाळीस पानं उघडली. या वेळी खरोखर वाचली, रंगाच्या डब्यावर बसून, दोन दिवस. चालत होतं. 'दुरुस्तीचे सुटे भाग व सूचना' असं स्वतंत्र कलमच होतं. दुकान पुन्हा सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांची तक्रार आली: 'स्टूल उत्तम, पण एक लाकडाचा तुकडा जास्त आला आहे, तो नेमका कुठून पडला?'

दुकान सुरू झालं, पण गिऱ्हाईक परत येईना. बंद पडलेलं दुकान बाजार यादीच्या तळाशी टाकतो, हेही त्या बेचाळीस पानांत होतं. दिवसाला दोन स्टुलं जात होती तिथे आठवड्याला दोन जायला लागली. वर्ष संपायला सात आठवडे उरले. गाळ्याच्या मालकाचा माणूस येऊन मुलाला विचारून गेला: करार करताय की रिकामा करताय? मुलगा म्हणाला, वर्ष संपायच्या आत सांगतो. त्यानं कुणाला टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर सूनबाईला बरं वाटलं असतं.

अशात एका दुपारी घरचा फोन वाजला. मिस्त्री जेवायला घरी आले होते. ते नेहमी फोनचा स्पीकर लावायचे, त्यामुळे पलीकडचं बोलणं मधल्या खोलीपर्यंत ऐकू यायचं.

"मिस्त्री का? मी वाचनालयातून बोलतेय. तुमचं एक स्टूल आहे आमच्याकडे, खाली लिहिलंय की डगमगलं तर कळवा."

"डगमगतंय का?" मिस्त्री लगेच म्हणाले.

"नाही हो. पाच महिने झाले, रोज पन्नास जण बसतात, तरी हलत नाही. म्हणून तर फोन केला. मुलांसाठी नवी खोली करतोय. तसलीच चाळीस हवीत, पण बुटकी, अकरा इंच. महिन्याभरात मिळतील?"

सूनबाईच्या हातातली चिकटपट्टी गळून पडली. चाळीस म्हणजे गाळ्याला पूर्ण महिनाभर काम. एकदा वाचनालयात गेली की रोज शंभर डोळ्यांसमोर. ती धावत दारात आली आणि दोन्ही हातांनी 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणा करू लागली.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "बाई, मला फोनवर घेता येणार नाही. मी सही केली आहे."

"कसली सही?"

त्यांनी सगळं सांगितलं. बुडाचा नंबर, एकोणतीस नंबरचा नियम, कागद. पलीकडे बाई हसल्या.

"अहो मिस्त्री, कोणाला कळणार आहे?"

"कळायचं काय त्यात? मीच सगळ्यांना सांगतोय. तुम्ही असं करा, उद्या संध्याकाळपर्यंत दुकानात अकरा इंची स्टूल दिसेल. तिथून मागवा."

"बघते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कोरडा झाला होता. "आमच्याकडे मोबाइलवरून मागवायचं म्हणजे पाच जणांची परवानगी लागते. बघते." फोन बंद झाला.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत सूनबाईनं सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दुपारी चढवला.

"चाळीस होती, बाबा! चाळीस! घरी चालत आली होती. त्या एका कागदासाठी गाळा घालवणार तुम्ही? ज्यांनी आपल्याला एका पेन्सिलीच्या ओळीसाठी बंद केलं, त्यांना दिलेला शब्द? त्यांना तुमचं नावसुद्धा माहीत नाही! तिथे माणूस तरी आहे का कोणी? मी दिवसरात्र डब्यावर बसून मरतेय, आणि तुम्ही..."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की मिस्त्रींनी मान वळवली आहे आणि उजवा कान तिच्याकडे केला आहे.

"त्यांना नाही दिला शब्द," ते म्हणाले. "दुकान तुझ्या नावावर आहे. एकदा माझ्या पेन्सिलीनं बंद पडलं. आता पुन्हा पडलं तर ते उघडत नाहीत, तूच वाचून दाखवलंस."

"मग पडू दे! निदान चाळीस तरी..."

"मग तू कुठे जाशील?"

तिनं खाली पडलेली चिकटपट्टी उचलली.

"मला काय, मी भिंतीकडे बघत बसेन. तुला खुर्ची तरी आहे का परत जायला?" मिस्त्री म्हणाले. "दवाखान्यातून फोन आला होता. तू खाली कुरिअरवाल्याकडे गेली होतीस. नोकरी सोडताना कपाटाची किल्ली द्यायची राहिली, म्हणाल्या."

सूनबाई डब्यावर बसली.

"कधी आला होता फोन?"

"मी सही केली त्याच्या आदल्या दिवशी."

"आणि किल्ली?"

"तुझ्या जुन्या पिशवीत होती. नेऊन दिली मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार चांगली मुलगी होती. मी म्हटलं, आहे."

सूनबाईला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. तीन महिने ती एकटी जे ओझं घेऊन फिरत होती, त्याचं दुसरं टोक या माणसानं एक शब्द न बोलता उचलून धरलं होतं, आणि आत्ता आत्ता ती त्याच्यावरच ओरडली होती. मिस्त्रींना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं ते कधीच जमलं नव्हतं. ते म्हणाले, "अकरा इंचाचा फर्मा कापायला हवा. उद्या संध्याकाळ सांगितली आहे."

अकरा इंची स्टूल दुसऱ्या दिवशी चार वाजता दुकानात लागलं. सूनबाईनं फोटो काढला, लिहिलं, 'लहान मुलांसाठी, वाचनाच्या खोलीसाठी.' मग वाट बघणं आलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानंही जेवताना विचारलं, आलं का काही? चौथ्या दिवशी ऑर्डर आली. एक नग.

"एकच," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा पडला.

"बसून बघणार असतील," मिस्त्री म्हणाले. "मीही तेच केलं असतं."

त्यांनी ते एक स्टूल केलं. काचेच्या तुकड्यावर ठेवून चारी पाय टेकतात का ते बघितलं, उलटं केलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात कानामागे गेला. तो तिथेच थांबला. त्यांनी कान खाजवला आणि स्टूल खोक्यात ठेवलं.

बाकीची एकोणचाळीस मागवायला पाच जणांच्या परवानगीला नऊ दिवस लागले. ऑर्डर आली तेव्हा सूनबाई जिन्यात होती. ती तिथूनच ओरडली आणि शेजारच्या दोन दारांतून माणसं बाहेर आली. त्या महिन्यात करवतीचं मशीन सकाळी सुरू व्हायचं ते दिवेलागणीला बंद. नवरा रविवारी स्वतः येऊन पायांना सँडपेपर मारत बसला, आणि नीट घासले नाहीत म्हणून त्यानं वडलांची बोलणीही खाल्ली. महिनाअखेर तो गाळ्यात आला तो नव्या कराराचा कागद घेऊन.

"बाबा, एक वर्षाचा करू की तीन?" तो डाव्या बाजूला उभा होता.

मिस्त्रींनी वळून उजवा कान पुढे केला. "तीन," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी स्टुलं मधल्या खोलीत आली तेव्हा सूनबाईनं मोजली. चाळीस.

"बाबा, एक जास्त झालं. एकोणचाळीसच हवी होती."

"ते त्यांचं नाही." मिस्त्रींनी पायानं रंगाचा डबा बाजूला सारला आणि त्या जागी ते बुटकं स्टूल ठेवलं. "अकरा इंच बांधाबांध करायला बरोबर पडतं. मोजून बघितलं मी."

तिनं ते उचलून उलटं केलं. बुडाला पेन्सिलीची तीच ठसठशीत अक्षरं होती: 'डगमगलं तर कळवणे.' खाली घरचा फोन नंबर, जणू ती त्या घरात राहतच नव्हती.

"हे कशाला लिहिलंत? नियम आहे ना."

"हे दुकानातून गेलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "सहा महिन्यांनी एकदा पाचर बघून देईन."

"सहा महिन्यांनी तुम्ही गाळ्यात असाल ना?"

"मग कुठे जाणार?"

तिनं स्टूल सरळ करून त्यावर बसून पाहिलं. मांडीला काही रुतलं नाही. मग तिनं चिकटपट्टीचं टोक नखानं शोधलं आणि पहिलं खोकं पुढे ओढलं.